चंद्रागिरीची वाट : आचार्य धर्मानंद कोसंबी

दरवर्षी मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की आपल्या वसतिगृहातील वरच्या वर्गांची मुले पायी सहलीला निघतात. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर आहेत. पाठीवर पांघरूण, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्या शिदोरीवर दोन दिवस त्या डोंगरांतून चालायचे, असा हा आपल्या शाळेचा परिपाठ आहे. माजी विद्यार्थ्यांना त्याची आठवण असेलच. रात्री शेकोटीभोवती बसल्यावर त्या मुलांना आम्ही एका माणसाची चरित्रकथा सांगत आलो आहोत. स्मरणिकेच्या निमित्ताने ती येथे लिहून ठेवावी, असे अनेकांनी सुचवले. म्हणून हा लेख.

ही कथा आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांची आहे. पालीचे पंडित आणि बौद्ध ग्रंथांचे भाषांतरकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु पांडित्य हा त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध होय. पूर्वार्ध चालण्यात गेला, आणि त्या चालण्यातील अवघड टप्पा ऐन थंडीत हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांतून काठमांडूला जाणारा होता. गंमत अशी की, ज्या गोष्टीसाठी ते तेथे गेले ती त्यांना तेथे मिळालीच नाही.

कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. घराणे सारस्वत ब्राह्मणाचे, उपजीविका नारळीच्या बागांवर. आज आपल्या मुलांना जे शालेय शिक्षण मिळते तेवढेही त्यांच्या वाट्याला आले नाही. थोडेफार मराठी शिक्षण झाले आणि पुढे घरच्या बागायतीचे काम अंगावर पडले. ज्यांच्या हातचे ग्रंथ पुढे अमेरिकेतील विद्यापीठाने मागितले, त्या माणसाच्या नावावर शाळेची कोणतीही मोठी पदवी नव्हती. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव बाळाबाई.

या तरुणाच्या हाती एकदा मुलांसाठी निघणारे एक मराठी मासिक पडले. त्यात तथागत बुद्धांचे छोटेसे चरित्र होते. ते वाचून त्यांच्या मनाने ठाव सोडला. या महापुरुषाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, हा एकच ध्यास त्यांना लागला. येथे आपल्या वाचकांना दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले होते. दोन्ही ठिकाणी आरंभ एका मराठी चरित्रानेच झाला. मुलाच्या हाती योग्य वयात पडलेले एक पुस्तक काय करू शकते, याचा हा पुरावा आपल्या ग्रंथालयाला देणगी देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा.

1899 साल सरत असताना कोसंबी यांनी घर सोडले. घरी तरुण पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी, माणिक, होती. ही गोष्ट आम्ही मुलांपासून लपवीत नाही. ज्ञानाच्या ओढीने निघालेल्या पुरुषाचे चरित्र लिहिताना मागे राहिलेल्या स्त्रीचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. तो तान्हा जीव घेऊन बाळाबाईंनी जी वर्षे काढली त्यांचा हिशेब कोणत्याही ग्रंथात नाही. कोसंबी यांच्या प्रत्येक ग्रंथामागे त्यांचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो.

घर सोडून ते पुण्याला आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले. बुद्धाचा धर्म मुळातून जाणायचा तर भाषा यायला हवी, हे त्यांना कळून चुकले. मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत ते 1900 साली काशीला पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांपाशी बसून संस्कृत शिकायचे, असा त्यांचा क्रम होता. परक्याच्या दारी मिळणाऱ्या अन्नावर विद्या शिकणे म्हणजे काय, हे वसतिगृहात वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. ताटातील अन्नाबरोबर थोडा संकोचही गिळावा लागतो. तो गिळूनही जो शिकतो त्याची विद्या सहसा वाया जात नाही.

काशीत दीड-दोन वर्षे काढल्यावर बुद्धाचा धर्म जिवंत पाहायचा कोठे, हा प्रश्न उरलाच. भारताच्या बहुतेक भागांत तो लोपला होता. नेपाळात मात्र तो अजून टिकून आहे, असे ऐकिवात होते. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळच्या हद्दीत असल्याचे अशोकस्तंभावरून 1896 मध्येच निश्चित झाले होते. तेव्हा नेपाळात गेले म्हणजे भिक्खू भेटतील, ग्रंथ मिळतील, धर्म शिकता येईल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. 1902 च्या आरंभी, थंडीचे दिवस सरण्यापूर्वी, काशीत ओळख झालेल्या एका नेपाळी सोबत्याबरोबर कोसंबी नेपाळला निघाले.

या प्रवासाला थंडीचाच मोसम का, हे समजून घेण्यासारखे आहे. बिहारच्या मैदानातून नेपाळात शिरले की प्रथम तराईचे घनदाट जंगल लागे. या पट्ट्यात एक जीवघेणा ताप होता. नेपाळात त्याला औलो म्हणत. तो हिवतापच होय. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत त्या जंगलात एक रात्र काढणेही धोक्याचे मानले जाई. थंडी पडली की डास कमी होत आणि वाट मोकळी होई. शिवाय राणा घराण्याच्या राज्यात परक्या माणसाला परवान्याशिवाय आत जाता येत नसे. केवळ महाशिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना सवलत मिळे. म्हणजे गरीब वाटसरूला हिमालयाचे दार जे काही उघडे होते ते थंडीच्या अखेरीसच. तापाने मरायचे नसेल तर गारठा सोसायचा, असा तो सरळ व्यवहार होता.

त्या काळची काठमांडूची रूढ वाट अशी होती. वीरगंजहून तराईचे जंगल ओलांडायचे, चुरियाच्या ठिसूळ टेकड्या पार करायच्या आणि हेटौंड्यावरून नदीच्या काठाने भीमफेदीला यायचे. तेथवर बैलगाड्या येत. पुढे महाभारत नावाची पर्वतरांग आडवी उभी. भीमफेदीहून चिसापानी गढीची उभी चढण. चिसापानी म्हणजे थंड पाणी. ती चढून पलीकडे कुलेखानीच्या खोऱ्यात उतरायचे, चितलांगला यायचे आणि मग शेवटची चंद्रागिरीची खिंड चढायची. ही खिंड सात हजार फुटांहून उंच आहे. आपले कळसूबाई शिखर सुमारे 5,400 फूट, यावरून कल्पना यावी. थंडीत तेथे पहाटे दव गोठते, कधी कधी हिमही पडते. खिंडीच्या माथ्यावरून समोर काठमांडूचे खोरे आणि त्यामागे पांढऱ्या शिखरांची रांग दिसते. मग थानकोटला उतरायचे, की राजधानी जवळ आली.

मोटारीचा रस्ता या डोंगरांतून 1956 साली झाला. तोपर्यंत राणांच्या महालातील झुंबरे, आरसे, पियानो, एवढेच काय, मोटारगाड्यासुद्धा हमालांच्या खांद्यांवरून याच खिंडीतून वर गेल्या. आज डोंगरयात्रेला निघणाऱ्या तरुणाच्या पाठीवर तंबू असतो, पिसांनी भरलेली झोपण्याची पिशवी असते, वाऱ्याला अडवणारे जाकीट असते. अन्नछत्रात जेवून शिकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ यांतले काही असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वाटेने जाणाऱ्या सामान्य माणसाला धर्मशाळेची पडवी, वाटेतल्या झोपडीतला विस्तव आणि सोबत्याचा आधार एवढाच निवारा असे. अशा वाटेवर सोबती असावा लागतो, हे तथागतांच्या संघालाही ठाऊक होते. आपल्या मुलांनाही आम्ही जोडीजोडीने चालवतो, ते याच कारणाने.

कोसंबी काठमांडूला पोहोचले. स्वयंभूचा स्तूप पाहिला, विहार पाहिले. आणि त्यांची निराशा झाली.

ही निराशा नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर नेपाळच्या बौद्धांवर अन्याय होईल. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार लोकांनी बौद्ध परंपरा शतकानुशतके जपली होती. संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या हस्तलिखितांचा फार मोठा साठा तेथेच टिकला आणि युरोपातील पंडितांना तो तेथूनच मिळाला. परंतु ब्रह्मचर्य पाळणारा, अध्ययन करणारा भिक्खुसंघ तेथे उरला नव्हता. विहारांत गृहस्थाश्रमी वज्राचार्य राहत. पूजाविधी होते, वंशपरंपरेने चालत आलेले पौरोहित्य होते, जातिभेदही शिरला होता. राज्यसत्ता बौद्धांना अनुकूल नव्हती. नंतरच्या काळात, 1926 आणि 1944 मध्ये, त्या राजवटीने भिक्खूंना देशाबाहेर घालवले, यावरून तिची वृत्ती कळते. मासिकात वाचलेल्या बुद्धाचा शोध घेत आलेल्या तरुणाला जे हवे होते, म्हणजे मूळ वचने समजावून देणारा गुरू, तो तेथे मिळाला नाही.

शेकोटीपाशी ही कथा येथवर आली की मुले गप्प होतात. मग एखादा विचारतो, की इतके चालून काहीच मिळाले नाही, तर मग ते घरी का परतले नाहीत? हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच, आणि दरवर्षी आम्हाला तो नवा वाटतो. परत फिरण्यास सबळ कारण होते. घरी बायको-मुलगी होती. खिशात पैसा नव्हता. लोकांनी वेड्यात काढलेच असते, पण चार दिवसांत विसरलेही असते. कोसंबी तीच डोंगरवाट उतरले, पण घराकडे वळले नाहीत. ते थेट बुद्धगयेला गेले. तेथे त्यांना कळले की पाली आणि धर्म मुळातून शिकायचे तर सिंहलद्वीप गाठले पाहिजे. काठमांडू उत्तरेला, सिंहल दक्षिणेला समुद्रापार. चुकीच्या दिशेला गेलो हे कळताच त्यांनी दिशा बदलली, ध्येय बदलले नाही.

कलकत्ता आणि मद्रास मार्गे ते त्याच वर्षी कोलंबोला पोहोचले. विद्योदय परिवेण या विख्यात विद्यालयाचे प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महाथेर यांच्याकडे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचे अध्ययन सुरू केले. हवा आणि आहार मानवला नाही, प्रकृती ढासळली, तरी अभ्यास सुटला नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी ध्यानमार्गाचा अभ्यास केला. 1904 च्या सुमारास भारतात परतल्यावर सारनाथ, कुशिनारा, लुंबिनी, कपिलवस्तू या स्थानांची यात्रा त्यांनी भिक्खू म्हणून केली. वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहायचे आणि उरलेला काळ चारिका करायची, हा भिक्खूंचा प्राचीन नियम आहे. स्वतः तथागत उरुवेलेहून सारनाथपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर पायी गेले, तेव्हा कोठे पहिले प्रवचन झाले.

यानंतरचे चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. 1906 साली चीवर उतरवून कोसंबी कलकत्त्यात पाली शिकवू लागले. कुटुंबही पुन्हा एकत्र आले. 1907 साली मुलगा झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी. परंतु आपले ज्ञान मराठी माणसापर्यंत पोहोचले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. म्हणून कलकत्त्यातील अधिक पगाराची जागा सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पन्नास रुपयांची वृत्ती स्वीकारली. अट एवढीच की वर्षाला एक ग्रंथ लिहावा. बडोद्यातील त्यांच्या व्याख्यानांतून 1910 साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक सिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. तेथे त्यांनी आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांना पुढे आणखी तीनदा अमेरिकेला जावे लागले. 1912 पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि चिं. वै. राजवाडे, पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी तयार केले. मुंबई विद्यापीठात आज कोणी पाली विषय घेतो तेव्हा त्यामागे या माणसाचे श्रम आहेत.

1924 साली त्यांनी 'निवेदन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास भोगला. 1937 साली मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार उभा केला. हार्वर्डच्या पंडिताने आपले बिऱ्हाड कामगारांच्या चाळींजवळ मांडावे, यातच त्यांच्या विद्येची दिशा दिसते. पुढे लिहिलेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही प्रचलित कथा प्राचीनतम सुत्तांच्या कसोटीवर तपासली, आणि आप्तांमधील शस्त्रसंघर्षाच्या उद्वेगाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ज्यांनी वाचला आहे त्यांना शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या तंट्याचे प्रकरण येथे आठवेल.

आयुष्याच्या अखेरीस व्याधींनी जर्जर झाल्यावर त्यांनी सेवाग्राम येथे अन्नत्याग केला आणि 4 जून 1947 रोजी देह ठेवला. त्या निर्णयाविषयी तेव्हाही मतभेद होते, आणि तो कोणाला आदर्श म्हणून सांगण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने आपले ठरलेले सर्व काम पुरे केले होते अशा एका वृद्धाचा तो निर्णय होता, एवढेच येथे नोंदवतो.

काठमांडूच्या त्या खिंडीचा एक पुढचा धागा येथे जोडतो. कोसंबी निराश होऊन परतले त्यानंतर 54 वर्षांनी, नोव्हेंबर 1956 मध्ये, त्याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषद भरली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. प्रकृती अत्यंत खालावलेली असतानाही डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि बुद्ध व मार्क्स या विषयावर बोलले. पुढे तीन आठवड्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या नगरीत एका मराठी तरुणाला धर्म शिकवणारा कोणी भेटला नव्हता, त्याच नगरीत लाखो मराठी बौद्धांचा नेता जगभरच्या बौद्धांसमोर उभा राहिला.

आता ही कथा आपल्याच मुलांना का सांगायची, याविषयी थोडे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातील वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, एक कोयता म्हणून मोजली जाणारी, ऊसतोडीला दूर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ऐन थंडीत पहाटे तीनला फडात उतरणाऱ्या आईबापांना गारठा म्हणजे काय हे कोणत्याही गिर्यारोहकाने शिकवायला नको. पूर्वी त्यांच्याबरोबर मुलेही जात, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत, आणि त्यांची शाळा तेथेच संपे. आपले वसतिगृह प्रामुख्याने या मुलांसाठी चालते. कार्तिकात आई मुलाला येथे सोडून जाते तेव्हा फाटकापाशी काय घडते, ते आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. कोसंबींच्या घरी बाप गेला होता आणि मूल मागे राहिले होते. येथे आईबाप दोघेही जातात, आणि ते ज्ञानाच्या शोधात जात नाहीत, पोटासाठी जातात. मूल मात्र मागे राहते ते शिकण्यासाठी. चालण्याचे कष्ट त्यांच्या वाट्याला आणि विद्या मुलाच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे.

म्हणूनच सहलीतील त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतः देत नाही. मुलांनाच विचारतो, की तुम्ही असता तर परतला असता का? उत्तरे निरनिराळी येतात. काही मुले प्रामाणिकपणे सांगतात, की परतलो असतो, घरी लहान मुलगी होती ना. आम्ही त्यांना चूक म्हणत नाही. एका वर्षी एका मुलाने सांगितले, की त्याची आई दरवर्षी हंगाम संपल्यावर परत येते, पण ती परत येईपर्यंत त्याने काय शिकून ठेवले हे ती पहिल्यांदा विचारते. त्यानंतर त्या रात्री फार कोणी बोलले नाही. सकाळी धुके होते. पांघरुणे गुंडाळून, जोडीजोडीने, मुले पुढच्या डोंगराकडे निघाली.